बैलाच्या कातड्याएवढं राज्य

राज्य उभं करायला किती वेळ लागतो? आमच्या होस्टेलच्या हिशेबाने एक रात्र पुरते. फक्त सबमिशन संपलेलं असावं, मेसमध्ये त्या दिवशी 'पुलाव' असावा (म्हणजे कोणीच जेवलेलं नसतं आणि सगळे मॅगीवर एकाच खोलीत जमतात) आणि कोणीतरी जुन्या ड्रॉइंगशीटच्या मागे पेन्सिलने एक वाकडातिकडा किनारा काढावा. झालं! उत्तरेला बर्फाचे डोंगर, दक्षिणेला वाळवंट, मधोमध राजधानी, राजधानीत किल्ला, किल्ल्यात म्हातारा राजा आणि राजाला एक दुष्ट भाऊ.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही (मुख्यतः आदरणीय प्राध्यापकवर्ग!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हापासून हे वेड जगभर पसरलं. एकजण गेम मास्टर होतो. तो जग रचतो, प्रसंग सांगतो. बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. 'मी दार तोडतो' म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर दार तुटलं, छोटा आला तर खांदा मोडला. कॉम्प्युटर लागत नाही, नेट लागत नाही. लाईट गेली तरी मेणबत्तीवर चालतं, उलट जास्त रंगतं.

वरचा नकाशा नागपूरकराचा. तो एका प्रश्नात कोसळला. प्रश्न लातूरकराने विचारला, "या राजधानीला पाणी कुठून?" ज्याच्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो माणूस दुसरं काय विचारणार! नकाशावर नदीच नव्हती. मग ठरलं की पुढचं राज्य मी रचायचं. कारण काय, तर "तू मोखाड्याचा. तुमच्याकडे खराखुरा राजा होता म्हणे."

राजा आमच्याकडे नव्हता, शेजारी होता, जव्हारला. मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता आणि जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. आज दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत (हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला). पण माझं काम सोपं झालं होतं. काल्पनिक राज्य खरं वाटायला हवं असेल तर खऱ्या राज्याचे आकडे चोरावेत, यासारखा शॉर्टकट नाही.

तर आकडे घ्या. जव्हार संस्थानचं क्षेत्रफळ 310 चौरस मैल, म्हणजे साधारण 800 चौरस किलोमीटर. चौकोन केला तर बाजू 28 किलोमीटर. तेही सलग नाही, दोन लहानमोठे तुकडे. 1901 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसत्तेचाळीस हजार. आपल्या कादंबऱ्यांतले आणि गेममधले राजे लाख-लाख फौजा घेऊन फिरतात, आणि इथे राजाचा सगळा मुलूख एक तरणा माणूस दिवसभरात पायी ओलांडेल!

कोल्हापूरकर लगेच म्हणाला, "मला दहा हजारांची फौज पाहिजे." त्याला हिशेब करून दाखवला. साडेसत्तेचाळीस हजारांतून बायका वगळ, राहिले पावणेचोवीस हजार. त्यातून पोरं आणि म्हातारे वगळ, राहिले कसेबसे बारा हजार. त्यातले दहा हजार तू नेलेस. मग नांगर कोण धरणार? चिखलणी कोण करणार? आमच्याकडे पाऊस धो-धो पडतो, पण भाताच्या रोपाला आठ-दहा दिवस उशीर झाला की वर्ष गेलं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. तीही हाताने लावायची. तुझी फौज दसऱ्याला परत येईल तेव्हा घरात कणी नसेल.

बरं, फौजेला जेवण कोण नेणार? समजा एक हमाल 25 किलो धान्य उचलतो आणि स्वतः रोज एक किलो खातो. दहा दिवसांच्या वाटेवर जायचं आणि परत यायचं तर 20 किलो त्याच्याच पोटात जातं. पोचतं फक्त 5 किलो. हजार सैनिकांना दहा दिवस जेवू घालायला दहा हजार किलो लागतं, म्हणजे दोन हजार हमाल! एका सैनिकामागे दोन हमाल. बैल घेतले तर गणित सुधारतं, कारण बैल वाटेत चरतो. पण पावसाळ्यात घाट निसरडे होतात आणि बैलही बसतो. खोलीत शांतता पसरली. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरलाही एवढी पसरली नव्हती.

मग असं गरीब, डोंगराळ राज्य टिकलं कसं? आणि टिकलं ते थोडंथोडकं नाही. परंपरेने 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने इथल्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सहाशे वर्षं! याचं उत्तर नकाशात आहे. वर नाशिक-त्र्यंबकचा देश, खाली समुद्रकिनाऱ्याची बंदरं, आणि मधल्या घाटवाटांवर हे राज्य. जो घाट अडवतो त्याला जकात मिळते. मुलूख इतका अवघड की जिंकायला खर्च जास्त आणि मिळकत कमी. त्यामुळे मोठे लोक जिंकण्याऐवजी मान्यता देऊन, खंडणी घेऊन मोकळे होत. गेम रचणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. प्रत्येक राजाच्या वर एक राजा काढा. आपल्या हॉस्टेलसारखंच आहे हे. फर्स्ट इयरवाल्याला सीनियर राजा वाटतो, सीनियरला मेस सेक्रेटरी, मेस सेक्रेटरीला रेक्टर, आणि रेक्टरसाहेबांना कोण, हे तेच जाणोत!

वरचा राजा बदलला की खालच्याची झोप उडते. 1664 मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारला थांबले, विक्रमशहाने त्यांचं स्वागत केलं, मानाचा शिरपेच दिला-घेतला गेला आणि त्या जागेला शिरपामाळ नाव पडलं, असं तिथे सांगतात. आजही ती जागा दाखवतात. पण 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. आठ वर्षांत पाहुणचाराची लढाई झाली. यात कोणी खलनायक नव्हता. घाटवाटा दोघांनाही हव्या होत्या, इतकंच. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांनी मुलखाचा एकेक तुकडा काढून घेतला. इंग्रजांच्या काळात नऊ तोफांची सलामी मिळाली, पण मुलूख होता तेवढाच राहिला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि नंतर लोकसभेवर निवडून गेले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही झाडीत उभा आहे. शिवाय मुकणे घराणं महादेव कोळी, म्हणजे राजा स्वतः आदिवासी. 'चांगला राजा, वाईट राजा' अशी चौकट आखून खेळणाऱ्यांना इथे हात टेकावे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक राज्याला एक जन्मकथा लागते. जव्हारची कथा मला फार आवडते. पूर्वी जव्हार एका वारली नायकाकडे होतं. जयबा मुकणे त्याच्याकडे आला आणि म्हणाला, बैलाचं कातडं मावेल एवढीच जमीन दे. नायक हसला आणि हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्या वेढ्यात जव्हार घेतलं. हीच कथा दोन हजारांहून अधिक वर्षांपासून भूमध्य समुद्राकाठी कार्थेजच्या डिडो राणीबद्दल सांगतात. ठरावीक लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त जमीन कशी घ्यायची, या गणिताला आजही डिडोचं नाव आहे.

आपण इंजिनिअर. हिशेब करूनच बघू. कातडं चार चौरस मीटर धरा. दोन मिलीमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या तर लांबी दोन किलोमीटर. त्याचं वर्तुळ केलं तर आत जमीन येते साधारण 32 हेक्टर, म्हणजे ऐंशीएक एकर. एका वाड्याला, देवळाला आणि बाजाराला पुरेल. पण 800 चौरस किलोमीटरला वेढा घालायचा तर वर्तुळाचा परीघच शंभर किलोमीटर होतो. तेवढ्यासाठी वादी किती रुंद कापावी लागेल? 0.04 मिलीमीटर! डोक्याच्या केसाहून बारीक. असा चांभार आजवर जन्मला नाही.

म्हणजे कातड्यात मावलं ते ऐंशी एकर. बाकीचं राज्य कशात मावलं, ते कथा सांगत नाही. आणखी एक गोष्ट सांगत नाही. जयबाचं नाव आहे, नेमशहाचं नाव आहे, पण ज्याची जमीन गेली त्या वारली नायकाचं नाव मी ऐकलेल्या-वाचलेल्या कुठल्याच कथेत नाही.

मी वारली. त्यामुळे मला हे जरा जास्तच लागतं, हे कबूल. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला विचारलं, "आजी, राजाच्या आधी इथं कोन होता, नाव काय त्याचं?" आजी वरई पाखडत होती. म्हणाली, "नाव कोन ठेवनार? जमीन गेली का नाव बी जातं." आणि सुपातला कोंडा उडवला. मग तिने तिच्या बापाकडून ऐकलेलं सांगितलं. राजा कोण आणि साहेब कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. खळ्यावर धान्य मोजायला कोण यायचा, ते माहीत होतं. लग्नाला घेतलेलं कर्ज फेडायला नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं राबायची, ते माहीत होतं. ऐन आवणीत बोलावणं आलं की स्वतःचं शेत सोडून जावं लागायचं. ते फुकट असायचं, भाकरसुद्धा स्वतःचीच. त्याला वेठ म्हणत.

हे काही आमच्या घरातलं एकट्याचं दुखणं नव्हे. डहाणू-उंबरगावकडच्या वेठीबद्दल आणि लग्नगड्यांबद्दल गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलं आहे. आपल्या लायब्ररीत असेल तर जरूर वाचा, नसेल तर मागवायला लावा. मे 1945 मध्ये झरी गावाला हजारो वारली जमले आणि 'वेठ करणार नाही' असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. पण वेठ पुन्हा पूर्वीसारखी बसली नाही. वेठबिगार बंद करणारा देशभराचा कायदा आला तो 1976 मध्ये. तोवर राजे, इंग्रज, संस्थानं, सगळे जाऊन तीस वर्षं होत आली होती.

आता गेमकडे येतो. गेममध्ये गेम मास्टर म्हणतो, "राजा पालखीतून निघाला, बरोबर वीस भोई आणि ओझेकरी." बस्स, एक ओळ. त्यांना नाव नाही, भूक नाही, फासा नाही. खेळातल्या भाषेत ते 'एनपीसी', म्हणजे ज्यांची भूमिका कोणी करत नाही असे लोक. मला वाटतं, राज्य खोटं वाटतं ते इथे. ड्रॅगन घाला, जादू घाला, आमची हरकत नाही. पण पालखी आपोआप चालली की ते राज्य उरत नाही, सिनेमाचा सेट होतो. सरंजामशाही म्हणजे मुकुट नव्हे. एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. सगळ्यात खालच्याचा खांदा नकाशावर आलाच पाहिजे.

मोखाड्याला हे लोकांना आधीपासून कळलेलं आहे, असं मला बोहाडा पाहताना वाटतं. होळीनंतरच्या दिवसांत आमच्याकडे बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर मुखवटे नाचतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, आणि शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटा चढला की समोरचा माणूस देव असतो, लोक पाया पडतात. सकाळी तोच माणूस बैल सोडायला गोठ्यात जातो. रोल-प्लेइंगला मराठी शब्द शोधणाऱ्यांनी शोध थांबवावा. आपल्याकडे 'सोंग घेणं' आहेच! फक्त बोहाड्यात कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. मी खेळात चिठ्ठ्या ठेवल्या. राजाची एक, कारभाऱ्याची एक, सावकाराची एक आणि भोयांच्या बाकी सगळ्या.

त्या शनिवारी आम्ही नऊजण होतो. कोल्हापूरकर, ज्याने जन्मात योद्ध्याशिवाय काही घेतलं नव्हतं, त्याला भोयाची चिठ्ठी आली. कागदावर लिहिलं होतं : एक कोयता, एक घोंगडी, लग्नाचं कर्ज, दीड एकर भात. प्रसंग असा की आवणी चालू आहे आणि राजाच्या पाहुण्यांना पालखीतून घाटावर पोचवायचं आहे. सहा दिवस जातील. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझं रोप पिवळं पडंल की रं. मी न्हाई उचलत."

यासाठी मी एक नियम करून ठेवला होता. एकट्याने नकार दिला तर वीसच्या फाशावर 18 किंवा वर पाहिजे. पण सोबत जेवढे जण नकार देतील, तेवढ्या वेळा दोन-दोन आकडे कमी होतील. कोल्हापूरकराने फासा टाकला. सात. कारभाऱ्याच्या माणसांनी त्याला बडवला, कोयता काढून घेतला. मग लातूरकर म्हणाला, "मी पण नाही उचलत." आता 16 हवे होते. आले अकरा. त्यालाही मार. रात्रीचे दोन वाजले होते, कोणी झोपायला उठेना. तिसरा, चौथा, करत करत सहाही भोई ओझं ठेवून उभे राहिले. 18 मधून पाचदा दोन गेले, उरले आठ. फासा टाकला. तेरा.

पालखी जमिनीवरच राहिली. कोणी ओरडलं नाही, एरवी विसाचा आकडा आला की मजला डोक्यावर घेतात. कारभारी झालेला नागपूरकर हळूच म्हणाला, "अरे पण मला वरच्याला उत्तर द्यायचंय. मी काय करू?" तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या कागदावरही खंडणीचा आकडा होता. त्याचं सोंग त्याने नेकीने केलं. पुढच्या शनिवारी तो स्वतः वाटेत पाय दुखेपर्यंत चालला.

काहीजण म्हणतील, गेम आहे, एवढा विचार कशाला? दिवसभर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स केल्यावर रात्री जरा ड्रॅगन मारू द्या की! जरूर मारा. पण आपण उद्या धरणं बांधणार, रस्ते आखणार. आमच्या तालुक्याच्या कडेला वैतरणेवर शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण उभं आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघतात. कुठल्याशा ड्रॉइंगशीटवर त्या पाड्यांना आकडा होता, कदाचित एक ठिपकाही होता. ठिपक्याला फासा नसतो. कागदावर राज्य काढायची सवय आपल्याला इथेच लागते, मग खांदा कोणाचा हे विचारायची सवयही इथेच लागलेली बरी.

आमच्या नकाशाची आता तिसरी आवृत्ती चालू आहे. नद्या आधी काढल्या, मग घाट, मग शेतं, मग पाडे, आणि राजवाडा सगळ्यात शेवटी. वरच्या कोपऱ्यात राजांची वंशावळ आहे. तिच्यात सगळ्यात वर, जयबाच्याही आधी, एक रेघ कोरी ठेवली आहे. जो नवीन खेळायला येईल त्याने त्या वारली नायकाला पेन्सिलने एक नाव द्यायचं. आतापर्यंत अकरा नावं झाली आहेत. खोडरबर वापरायला बंदी आहे, त्यामुळे ती एकाखाली एक लिहितो.

शनिवारी रात्री, मेस सुटल्यावर. ज्याला यायचं त्याने यावं. पेन्सिल आपली आणावी.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी